अकरा महिन्यांची खोली, पंचवीस वर्षांचा कोळी

नोकरीसाठी आलेला तरुण चाकणजवळच्या मेदनकरवाडीत, खराबवाडीत किंवा महाळुंग्यात खोली घेतो, तेव्हा भाडेकरार अकरा महिन्यांचा होतो. मुदत संपली की एक तर भाडे वाढते, नाही तर बिऱ्हाड हलते. अनेकांची नोकरीही तशीच असते, कंत्राटी आणि वर्षा-दोन वर्षांची. अशा माणसाला मेक्सिकोतला रेड नी टॅरेंट्युला हा कोळी आवडला आणि त्याने मादी आणली, तर ती वीस वर्षे सहज जगते, नीट सांभाळली तर पंचविशीही ओलांडते. पंचविसाव्या वर्षी घेतलेला कोळी पन्नाशीला आलेल्या माणसाच्या घरी असू शकतो. मधल्या काळात चार कंपन्या, सहा खोल्या, लग्न, मुले आणि गावाकडे परतण्याचा विचार, सगळे होऊन जाते.

कोणत्या अनुभवाच्या माणसाने कोणता टॅरेंट्युला पाळावा, या प्रश्नाला ठरावीक उत्तर मिळते. नवख्याला हे, मधल्याला ते, मुरलेल्याला आणखी काही, अशा याद्या सगळीकडे आहेत. त्या चुकीच्या नाहीत, पण त्यांत मोजमाप फक्त कोळ्याचे होते. तो किती चपळ, किती विषारी, किती चिडका एवढेच त्या सांगतात. पाळणाऱ्याची खोली पत्र्याची आहे की स्लॅबची, घरात कोण कोण आहे, शिफ्ट कोणती आहे, खोली बदलताना डबा कोणाच्या मांडीवर जाणार आहे, हे त्यांत नसते. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात राहणाऱ्याने आधी ते मोजावे आणि मग जात निवडावी, असे माझे ठाम मत आहे.

हा प्राणी या पट्ट्यातल्या माणसाला का भावतो, ते समजण्यासारखे आहे. कुत्र्याला दिवसातून दोनदा फिरवावे लागते आणि मांजराला सोसायटी हरकत घेते. टॅरेंट्युलाला फूटभर लांबीचा डबा पुरतो. तो ओरडत नाही, वास मारत नाही. पूर्ण वाढलेल्या कोळ्याला आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा खाणे दिले तरी चालते, आणि कात टाकण्याआधी तो कित्येक आठवडे, काही जातींत काही महिने, स्वतःहून उपाशी राहतो. शिवाय तो निशाचर आहे. सेकंड शिफ्ट संपवून रात्री एकला घरी येणाऱ्या माणसाची आणि त्याची वेळ जुळते. दिवसभर बिळात बसलेला प्राणी तेव्हा दाराशी येऊन बसलेला असतो, आणि त्याचे ते निश्चल बसणे पाहण्यात तास कधी गेला ते कळत नाही.

पण तो हातात घेऊन खेळवायचा प्राणी नाही. त्याला माणसाचा लळा लागत नाही. तळहातावर तो शांत बसला तर त्याचा अर्थ एवढाच की त्या क्षणी त्याला पळावेसे वाटले नाही. त्याला हातात घेणे धोक्याचे का, हे भोसरीच्या वर्कशॉपमध्ये काम केलेल्या माणसाला लगेच समजेल. कोळ्याच्या पायाच्या मुख्य सांध्यांत पाय दुमडणारे स्नायू आहेत, पण तो सरळ करणारे नाहीत. पाय उघडतो तो शरीरातल्या द्रवाच्या दाबाने, हायड्रॉलिक प्रेसचा दांडा तेलाच्या दाबाने पुढे सरकतो तसा. टॅरेंट्युलाचे पोट पातळ कातड्याचे असते. दोन-तीन फुटांवरून फरशीवर पडला तर ते फाटू शकते, मग द्रव वाहून जातो आणि प्राणी मरतो. पाणी कमी पडले तरी दाब उतरतो आणि आठही पाय अंगाखाली वळू लागतात. पाय असे आत ओढून बसलेला कोळी झोपलेला नसतो, तो संकटात असतो. डब्यात पाण्याची उथळ वाटी कायम हवी, ती यासाठीच.

हे एक सूत्र धरले की डब्याची रचना आपोआप ठरते. जमिनीवर राहणाऱ्या जातीला उंच काचपेटी नको. मातीच्या पृष्ठभागापासून झाकणापर्यंतचे अंतर कोळ्याच्या पाय-पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त ठेवू नये. तळाशी नर्सरीत मिळणाऱ्या कोकोपीटचा जाड थर दाबून बसवावा. झाकणाला बारीक तारेची जाळी लावू नये, कारण चढताना पायाच्या नख्या तिच्यात अडकतात. छिद्रे पाडलेले प्लॅस्टिकचे झाकण बरे. धारदार दगड आणि शोभेच्या वस्तू आत ठेवू नयेत. लपायला आडवा अर्धा तुकडा, मडक्याचा असो की सालीचा, पुरे.

आता जातींकडे येऊ. टॅरेंट्युलांच्या हजाराहून अधिक जाती आहेत. पाळणारे त्यांची पहिली विभागणी करतात ती न्यू वर्ल्ड आणि ओल्ड वर्ल्ड अशी. उत्तर-दक्षिण अमेरिकेतल्या बहुतेक जातींच्या पोटावर खाज आणणारे सूक्ष्म केस असतात. धोका वाटला की कोळी मागच्या पायांनी ते झटकून उडवतो. हे हत्यार हाताशी असल्याने चावण्याकडे त्याचा कल कमी असतो, आणि विषही माणसासाठी सौम्य असते. आशिया आणि आफ्रिकेतल्या जातींकडे हे केस नाहीत. त्यांच्याकडे वेग आहे, पुढचे पाय उंचावून दात दाखवण्याची धमकी आहे आणि त्यानंतर चावा आहे. विषही जास्त त्रासाचे. नवख्याने सुरुवात अमेरिकेतल्या, जमिनीवर राहणाऱ्या, संथ जातीने करावी, हा नियम या फरकातून आला आहे आणि तो योग्यच आहे.

त्या गटातही माझी पहिली पसंती मध्य अमेरिकेतल्या कर्ली हेअरला, म्हणजे टलिल्टोकॅटल अल्बोपिलोससला. तपकिरी अंगावर सोनेरी कुरळे केस, भूक चांगली, स्वभाव थंड, वाढ बऱ्यापैकी जलद. वाढीचा वेग महत्त्वाचा आहे, कारण नवखा माणूस शिकतो तो कात पाहून. ब्राझिलियन ब्लॅक, म्हणजे ग्रामोस्टोला पुल्क्रा, याहूनही शांत आणि काळ्या मखमलीसारखा देखणा, पण इतका सावकाश वाढतो की पिल्लू घेतले तर प्रौढ व्हायला सहा-सात वर्षे सहज जातात. संयम असेल त्याने तो घ्यावा. चाको गोल्डन नी मोठा होतो आणि तोही नवख्याला झेपतो. रेड नी, म्हणजे ब्रॅकिपेल्मा हमोरी, चित्रांमुळे सर्वांच्या मनात बसलेला असतो. तो काटक आहे, पण केस उडवण्यात उदार आहे. खोलीत दमेकरी किंवा लहान मूल असेल, तर मी दुसरी जात सुचवेन.

केसांची गोष्ट हलक्यात घेऊ नये. इंग्लंडमधल्या लीड्स इथल्या एका तरुणाची हकिगत जानेवारी २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली होती. तो टॅरेंट्युलाची काच पुसत असताना कोळ्याने केसांचा फवारा उडवला. काही आठवडे डोळा लाल राहून पाणी येत होते. तपासणीत त्याच्या पारपटलात केस रुतलेले आढळले, आणि ते इतके बारीक होते की चिमट्याने काढता येत नव्हते. डबा साफ करताना चष्मा घालावा, तोंड डब्यावर आणू नये आणि हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नये. केस त्वचेवर पडले तर चिकटपट्टीने काढावेत.

नवख्याने अगदी बारीक पिल्लू, म्हणजे पाळणारे ज्याला स्लिंग म्हणतात ते, पहिल्यांदा घेऊ नये. ते स्वस्त असते आणि तोच मोह असतो. पण नखाएवढ्या जिवाला ओलाव्याची चूक एका दिवसात मारते. दीड-दोन इंचांचे, दोन-चार काती टाकलेले पिल्लू घ्यावे. नर की मादी हे लहानपणी वरून कळत नाही. टाकलेली कात पाण्यात मऊ करून, पोटाच्या भागाची आतली बाजू भिंगाखाली पाहिली की कळते. हा फरक आयुष्याचा आहे. नर प्रौढ झाला की त्याच्या पुढच्या दोन लहान अवयवांच्या टोकांना गोंडे येतात, तो अस्वस्थ फिरू लागतो आणि त्यानंतर काही महिने, फार तर वर्ष-दीड वर्ष जगतो. मादी दशकानुदशके जगते. ज्याला पुढच्या तीन वर्षांपलीकडचे काही सांगता येत नाही, त्याने जाणूनबुजून वाढलेला नर घ्यावा. त्याच्याकडे फार कोणी पाहत नाही, पण चाकणच्या खोलीतल्या एकट्या माणसासाठी तो प्रामाणिक निवडीचा प्राणी आहे.

अनुभव मोजायचा कसा? मी वर्षांनी मोजणार नाही. कोळ्याची कात किती वेळा नीट पार पडलेली पाहिली, याने मोजेन. कातीच्या आधी पोट काळपट पडते, खाणे सुटते, कोळी बिळाचे तोंड बंद करतो. मग एके दिवशी तो उताणा पडलेला दिसतो आणि नवखा माणूस मेला समजून त्याला सरळ करायला जातो. त्या वेळी त्याला हात लावणे म्हणजे मारणे. कात निघाल्यावर दातही मऊ आणि पांढरे असतात. ते काळे होऊन कडक व्हायला लहान पिल्लाला काही दिवस, मोठ्या मादीला दोन आठवडे लागतात. तोवर खाणे देऊ नये आणि जिवंत रातकिडा डब्यात सोडून ठेवू नये, कारण मऊ पडलेल्या कोळ्याला तो कुरतडतो. ज्याने पाच-सहा काती हात न लावता पाहिल्या, त्याला थांबता येते. ज्याला थांबता येते, तो पुढची पायरी चढू शकतो.

पुढच्या पायरीवर मला व्हेनेझुएलातला ग्रीन बॉटल ब्लू फार आवडतो. पॅराग्वाना या कोरड्या द्वीपकल्पातला प्राणी, निळे पाय, केशरी पोट, आणि पूर्ण डबा रेशमाने भरून टाकणारा. त्याला ओलावा नको, त्यामुळे चुका कमी होतात, पण तो बुजरा आणि चपळ आहे. इथे नेहमी घोटाळा होतो तो पिंक टोचा. अ‍ॅव्हिक्युलेरिया आणि त्याचा मार्टिनिक बेटावरचा नातलग कॅरिबेना व्हर्सिकलर हे शांत म्हणून नवख्यांना विकले जातात. स्वभावाने ते शांत आहेतही. पण ते झाडावरचे आहेत आणि त्यांना वाहती हवा लागते. ‘दमट हवा हवी’ असे वाचून माणूस डबा बंद ठेवतो, रोज पाणी मारतो. मावळच्या बाजूने येणाऱ्या जुलैच्या पावसाळी हवेत बंद डब्याला बुरशी येते आणि पिल्लू एका सकाळी तळाशी पडलेले सापडते. समोरासमोरच्या दोन बाजूंना भरपूर छिद्रे, पाण्याची वाटी, आणि पावसाळ्यात फवारणी जवळपास बंद, एवढे सांभाळले तरच ही जात घ्यावी. गोलायथ, म्हणजे थेराफोसा ब्लॉन्डी, हा जगातला सर्वांत वजनदार कोळी, नाव ऐकूनच हवासा वाटतो. त्याचे केस सर्वांत त्रासदायक आणि ओलाव्याची गरज सततची. दुसरा किंवा तिसरा कोळी म्हणूनही त्याचा विचार करू नये.

सर्वांत मोठा सापळा मात्र आफ्रिकेतल्या टेरिनोकायलस मुरिनसचा आहे. पाळणारे त्याला ओबीटी म्हणतात. भडक केशरी, स्वस्त, कोरड्यात राहणारा, उपासमार-उष्मा सोसणारा, भरपूर पिल्ले देणारा. कागदावर पाहिले तर नवख्याचा आदर्श प्राणी. पण काटकपणा कोळ्याच्या जगण्याचा गुण आहे आणि सोपेपणा पाळणाऱ्याच्या सुरक्षिततेचा. ओबीटी डब्याचे झाकण उघडताच डोळा लवायच्या आत बाहेर येतो आणि अडवले तर चावतो. दहा बाय दहाच्या खोलीत, जिथे तिघे जण जमिनीवर गाद्या टाकून झोपतात, तिथे असा प्राणी आणणे हा सोबत्यांवर अन्याय आहे. त्यांनी तो धोका पत्करलेला नसतो.

ओल्ड वर्ल्डकडे जायचेच असेल तर मधला टप्पा म्हणून सामोपियस इर्मिनिया किंवा कँब्रिजाय पाहावा. तो अमेरिकेतला असूनही पोटावर खाज आणणारे केस नसलेला, झाडावरचा आणि वेगवान. डबा बदलताना पारदर्शक पेला आणि लांब ब्रश वापरून, बाथटबसारख्या मोठ्या टपात डबा ठेवून काम करण्याचा सराव त्याच्यावर होतो. हा सराव घाईने होत नाही.

त्यापलीकडे येतो आपला स्वतःचा कोळी. पोइसिलोथेरिया ही प्रजाती, म्हणजे जातींचा गट, जगात फक्त भारत आणि श्रीलंकेत आहे. झाडांच्या ढोलीत राहणारे, करड्या-पांढऱ्या नक्षीचे हे कोळी युरोप-अमेरिकेतल्या हौशी मंडळींत ‘पोकी’ या लाडक्या नावाने ओळखले जातात. त्यांच्यावरचे काही जुने लेखन मुंबईतूनच प्रसिद्ध होणाऱ्या पानांवर आले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आर. आय. पोकॉक यांनी या प्रजातीवर विस्ताराने लिहिले. सह्याद्री आणि पूर्व घाटात मिळणाऱ्या पोइसिलोथेरिया रेगॅलिसचे नामकरण १८९९ सालचे. हा कोळी चिडला की पुढचे पाय वर करतो आणि त्यांची खालची पिवळीजर्द बाजू दिसते.

त्याच वर्षी पोकॉक यांनी निळ्या पोइसिलोथेरिया मेटॅलिकाचेही वर्णन केले. तो नमुना आंध्रातल्या गुत्तीचा होता. मुरारराव घोरपड्यांमुळे मराठी माणसाला ठाऊक असलेली हीच गुत्ती. गुत्ती रेल्वेचे ठाणे होते आणि नमुना रेल्वेच्या लाकडांबरोबर आलेला असावा, असे आज मानले जाते. त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ तो कोणाला दिसला नाही. २००१ साली नंद्याळ आणि गिद्दलूरच्या दरम्यानच्या जंगलात, गुत्तीपासून बऱ्याच दूर, तो पुन्हा सापडला. २००८ मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेने त्याला अतिसंकटग्रस्त ठरवले. त्याचे ज्ञात जंगल शंभर चौरस किलोमीटरहून लहान आहे आणि सरपणासाठी झाडे तुटत आहेत. भारतातून वन्यप्राण्यांच्या निर्यातीला बंदी असताना हा कोळी काही वर्षांत परदेशी हौशी लोकांच्या डब्यांत वाढू लागला. आपल्या जंगलातून गेलेल्या काही माद्यांची ती प्रजा आहे, हे वाचून मला वाईट वाटते. ऑगस्ट २०१९ मध्ये जिनिव्हात भरलेल्या साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, परिषदेत पूर्ण पोइसिलोथेरिया प्रजाती दुसऱ्या परिशिष्टात घेण्यात आली.

या प्रजातीचा चावा किती गंभीर? २०१४ साली ‘टॉक्सिकॉन’ या विषविज्ञानाच्या नियतकालिकात पोइसिलोथेरियाच्या चाव्यांचा आढावा आला. निम्म्याहून अधिक रुग्णांना स्नायूंत पेटके आले, आणि ते लगेच नव्हे, सरासरी दहा तासांनी सुरू झाले. याचा अर्थ, रात्री चावा झाला आणि काही वाटले नाही म्हणून फर्स्ट शिफ्टला गेलेला माणूस मशीनवर उभा असताना त्याचे हातपाय वळू शकतात. माणसाचा मृत्यू सिद्ध झालेला नाही, हेही तितकेच खरे. ऑस्ट्रेलियात २००३ साली छापलेल्या एका अभ्यासात टॅरेंट्युला चावलेली माणसे बरी झाली, पण चावलेले सातही कुत्रे मेले. घरात कुत्रा असणाऱ्याने ओल्ड वर्ल्ड जात आणताना हे ध्यानात ठेवावे. आपल्याकडे मिळणारे सर्पदंशावरचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांसाठी आहे. कोळ्याच्या चाव्यावर ते देऊ नये. पिंपरीतल्या वायसीएमसारख्या मोठ्या रुग्णालयात जाऊन वेदना आणि पेटक्यांवर उपचार घ्यावेत आणि डॉक्टरांना जातीचे शास्त्रीय नाव लिहून दाखवावे. डब्यावर ते नाव चिकटवलेले असावे, म्हणजे तुम्हाला बोलता आले नाही तरी खोलीतला सोबती वाचून सांगेल.

भीतीनेही माणसे दगावतात. मे २०१२ मध्ये आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यातल्या सदिया भागात मोठ्या कोळ्यांनी लोकांना चावल्याच्या बातम्या आल्या, दोन मृत्यू झाले. लोक आधी मांत्रिकांकडे गेले होते आणि तिथे जखमा ब्लेडने कापण्यात आल्या होत्या. मृत्यू कोळ्याच्या विषाने झाले, हे शास्त्रज्ञांना सिद्ध करता आले नाही.

पोइसिलोथेरियाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. महाराष्ट्रातल्या माणसाने, तो कितीही मुरलेला असो, हा कोळी पाळू नये. जर्मनीतल्या माणसाला तो डब्यातच पाहता येतो. आपल्याला तो त्याच्या झाडावर पाहता येतो. अनुभवाची सर्वांत वरची पायरी आपल्या भूमीत डब्याबाहेरची आहे.

परदेशी जातींच्या बाबतीत कायद्याचा भाग टाळून चालणार नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. साइट्सच्या परिशिष्टांतले प्राणी आता कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहेत. ते बाळगणाऱ्याने नोंदणी करायची, मालकी बदलली, पिल्ले झाली, मृत्यू झाला तर तेही कळवायचे. त्यासाठीचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ रोजी आले आणि परिवेश २.० या पोर्टलवर नोंदणीसाठी सहा महिने दिले गेले. त्याआधी जून २०२० मध्ये केंद्राने परदेशी प्राणी स्वेच्छेने जाहीर करण्याची सवलत दिली होती. ती खिडकी आता बंद आहे. रेड नीची पूर्ण ब्रॅकिपेल्मा प्रजाती १९९४ पासून साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. कर्ली हेअर काही वर्षांपूर्वीपर्यंत त्याच प्रजातीत गणला जाई, नाव बदलले तरी संरक्षण गेले नाही. म्हणजे नवख्यासाठी सर्वांत योग्य असलेल्या जातीच कागदपत्रे मागतात. विकणाऱ्याकडे नोंदणीचा कागद नसेल तर तिथून उठावे. याद्या बदलत असतात, म्हणून जातीचे शास्त्रीय नाव घेऊन खरेदीच्या दिवशी अनुसूची तपासावी.

हे कोळी येतात कसे, याची झलक जुलै २०२१ मध्ये चेन्नईच्या विदेशी टपाल कार्यालयात दिसली. पोलंडहून आलेल्या पार्सलमध्ये चांदीच्या कागदात आणि कापसात गुंडाळलेल्या छोट्या नळ्या होत्या, आणि त्यांत १०७ जिवंत कोळी. कस्टम्सने ते जप्त केले आणि पोलंडला परत पाठवण्यासाठी टपाल खात्याकडे दिले. स्वस्त स्लिंगच्या मागे असा प्रवास असू शकतो.

आता खोलीत परत येऊ, कारण या पट्ट्यात कोळी मरतो तो बहुधा जातीच्या निवडीने नाही, खोलीने. युरोपातल्या पुस्तकांत हीटिंग मॅट आणि दिवे सांगितलेले असतात. इथे त्यांची गरज नाही. बाविशी ते तिशीतले तापमान या प्राण्यांना मानवते आणि ते आपल्याकडे वर्षाचा बराच काळ असते. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली तरी कोळ्याचे काही बिघडत नाही. अडचण एप्रिल-मे महिन्यांची. पारा चाळिशीला टेकतो तेव्हा पत्र्याच्या खोलीत दुपारी त्याहून जास्त होते. डबा कधीही वरच्या फळीवर ठेवू नये. जमिनीलगत, आतल्या भिंतीशी, ऊन न येणाऱ्या कोपऱ्यात ठेवावा आणि शेजारी पाण्याचे मडके असावे. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याने झाडावरची नाजूक जात घेऊच नये. बिळात खाली उतरू शकणारी, कोरडे सोसणारी जात घ्यावी.

त्याहून मोठा शत्रू कीटकनाशक आहे. पावसाळ्यात डेंग्यूच्या भीतीने महापालिकेची धूरफवारणी गल्लोगल्ली होते आणि ती लोकांसाठी आवश्यकच आहे. वाकड-मोशीच्या सोसायट्यांत पेस्ट कंट्रोल वर्षातून काही वेळा होते. प्लगला लावलेले डासांचे लिक्विड तर रोजचेच. ही रसायने कीटकांच्या मज्जासंस्थेवर काम करतात, आणि कोळ्याची मज्जासंस्था कीटकांच्याहून फार वेगळी नाही. फवारणीचा भोंगा ऐकताच खिडकी बंद करून डबा आतल्या खोलीत न्यावा, पेस्ट कंट्रोलच्या दिवशी तो मित्राकडे ठेवावा, आणि डासांसाठी मच्छरदाणी वापरावी. कुत्र्याला गोचिडांचे औषध लावलेल्या हाताने पाण्याची वाटी भरू नये. घरातले झुरळ पकडून खायला घालणे हीही अशीच चूक. सोसायटीत जेल लावलेले असते, ते खाल्लेले झुरळ काही काळ जिवंत फिरते आणि विष कोळ्यापर्यंत पोहोचवते. पक्षी आणि माशांच्या दुकानांत मिळणारे मीलवर्म किंवा घरी डब्यात वाढवलेले रातकिडे बरे.

घरमालकाला सांगितले पाहिजे का? माझ्या मते हो, आणि कोळी आणण्यापूर्वी. लपवलेला डबा एखाद्या दिवशी सापडतो, आणि मग घाबरलेला माणूस हातातल्या झाडूने निर्णय घेतो. खोलीतल्या सोबत्यांपैकी एकाला तरी कात म्हणजे काय, हे समजावून ठेवावे. सुट्टीत गावी जाताना तोच उपयोगी पडतो.

ज्याला हे सगळे जमणार नाही असे वाटते, त्याने हिरमुसून जाऊ नये. पिंपरी-चिंचवडच्या माणसाला साप पाहायला शिकवले ते चिंचवडमधल्या संभाजीनगरच्या सर्पोद्यानाने, म्हणजे निसर्गकवी बहिणाबाई चौधरी प्राणिसंग्रहालयाने, आणि त्या पिढीतून कितीतरी सर्पमित्र तयार झाले. कोळी पाहायला आपल्याला अजून कोणी शिकवलेले नाही. घराच्या भिंतीवर दिसणारा चपटा, पंजाएवढा, झरझर पळणारा कोळी टॅरेंट्युला नसतो. तो हंट्समन, झुरळे खाणारा आणि निरुपद्रवी. खरे टॅरेंट्युला माळावर बिळांत, दगडांखाली आणि जुन्या झाडांच्या ढोलीत आहेत. जुन्नर-खेड-मावळच्या डोंगरउतारांवर गवताळ माळ आहे, आणि तीच जमीन कारखान्यांच्या विस्तारासाठी, मुरुमासाठी, वृक्षारोपणाच्या खड्ड्यांसाठी रोज खणली जाते. बिळात राहणारी मादी आयुष्यभर जवळपास त्याच जागी असते. जेसीबीचा एक घाव तिच्या वीस वर्षांचा शेवट करतो, आणि त्याची नोंद कुठेही होत नाही.

नोंद झाली तर काय होते, याचे उदाहरण मुंबईत आहे. झीशान मिर्झा, राजेश सनप आणि हर्षल भोसले यांनी २०१४ साली ‘प्लॉस वन’मध्ये भारतातल्या टॅरेंट्युलांच्या एका गटाचा आढावा छापला. त्यात पश्चिम घाटातली एक नवी प्रजाती आणि पाच नव्या जाती होत्या. त्यांपैकी एक जात मुंबईतल्या आरे कॉलनीतली, हेटेरोफ्रिक्टस आरेयेन्सिस, तर दुसरीला आंबोलीचे नाव मिळाले. कोटीहून अधिक लोकांच्या महानगरात, गोठ्यांच्या आणि चित्रनगरीच्या शेजारी, विज्ञानाला ठाऊक नसलेला टॅरेंट्युला राहत होता. आपल्याकडे भामचंद्राच्या डोंगरावर, भंडारा डोंगराच्या उतारावर, घोरावडेश्वराच्या पायथ्याशी काय आहे, हे पाहायला लागते ती बॅटरी, मोबाईल आणि रात्रीचे दोन तास. शिफ्टमध्ये काम करणाऱ्याकडे ते असतात.

जूनच्या पहिल्या पावसांनंतर नर माद्यांच्या शोधात बिळे सोडून बाहेर पडतात, तो पाहण्याचा चांगला काळ. बिळाच्या तोंडाशी रेशमाचा पातळ थर असतो. वरून एक, बाजूने एक आणि बिळाच्या तोंडाचा एक असे फोटो घ्यावेत, तारीख लिहावी आणि इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल किंवा आयनॅचरलिस्टवर टाकावेत. नेमके ठिकाण मात्र लोकांना दिसू देऊ नये, कारण पकडणारेही तीच पाने पाहतात. अभयारण्यात आणि वनखात्याच्या जमिनीवर परवानगीशिवाय जाऊ नये. दगड उलटलाच तर तो होता त्याच बाजूने, होता त्याच जागी, हळू ठेवावा. कोळी तिथून आधीच निघून बाजूला बसला असेल, तर त्याला दगडाखाली ढकलू नये. दगड जागेवर ठेवला की तो आपण होऊन परत जातो.